अभ्यासिकेचा गेटवे: बूट होताना नेटवर्क कार्डांची नावं अदलाबदल होतात, त्या कामाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आहे. एमपीएससीची आणि पोलीस भरतीची मुलं पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसतात. तिथला इंटरनेटचा गेटवे (बाहेरचं इंटरनेट आतल्या कॉम्प्युटरांना वाटणारं यंत्र) मी पुण्याहून सांभाळतो. असाच गेटवे चालवणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

यंत्र साधा जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार). बोर्डावरचं रियलटेक कार्ड (ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आर८१६९) फायबरच्या डब्याला जोडलेलं. स्लॉटमध्ये इंटेल ८२५७६ चं दोन पोर्टांचं वापरलेलं कार्ड (ड्रायव्हर आयजीबी), तपकीर गल्लीतून १,६०० रुपयांना आणलेलं. त्याचं पहिलं पोर्ट अभ्यासिकेच्या स्विचला, दुसरं ऑफिसला. सेटिंगमध्ये पोर्टांची नावं अशी: ईथ० म्हणजे फायबर, ईथ१ म्हणजे अभ्यासिका, ईथ२ म्हणजे ऑफिस.

वळवाचा पाऊस सुरू झाल्यापासून वीज सारखी जाते. यूपीएसची बॅटरी उतरली आहे, त्यामुळे यंत्र दर वेळी बंद पडून पुन्हा सुरू होतं. बहुतेक वेळा नीट येतं, मधूनच येत नाही. आज ग्रंथपाल ताईंचा फोन आला: "दादा, मुलांचं वायफाय जोडलं जातंय पण नेट नाही. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मुलांचं लॉगिनचं पान उघडतंय."

दुसरं वाक्य महत्त्वाचं. नेट गेलं एवढंच कळलं असतं तर मी फायबरवाल्याला फोन केला असता. ऑफिसात अभ्यासिकेचं पान दिसतं याचा अर्थ तारा जागेवर आहेत, नावं हलली आहेत.

बंद करून चालू केलं की सुरळीत होतं, त्यामुळे हा रोग इतके दिवस कुणी मनावर घेतला नव्हता.

३ जून

पुरावा गोळा केला. डेबियन १० मध्ये जर्नल (यंत्रातल्या घडामोडींची नोंदवही) मुळात डिस्कवर राहत नाही, रीबूट झालं की मागचं पुसलं जातं. (/व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आधीच करून ठेवलं असेल तर राहतं. डेबियन ११ पासून ते आपोआप असतं.) त्यामुळे 'जर्नलसीटीएल -बी -१' ने काही हाती लागलं नाही. केर्न.लॉग (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींची फाइल) मात्र होता. त्यातून एक चांगलं बूट आणि एक बिघडलेलं बूट काढून शेजारी शेजारी ठेवलं.

चांगल्या बूटमध्ये आर८१६९ आधी उठतो, पाव सेकंदाने आयजीबी. बिघडलेल्यात आयजीबी आधी. कर्नल ज्या क्रमाने कार्डं सापडतात त्या क्रमाने ईथ०, ईथ१, ईथ२ वाटत जातो. ड्रायव्हर एकाच वेळी लोड होत असल्याने कोण आधी पोचेल याची हमी नसते. आयजीबी पुढे गेला की इंटेलची दोन पोर्टं ईथ० आणि ईथ१ होतात आणि रियलटेक ईथ२. म्हणजे अभ्यासिकेच्या स्विचकडे आमचं यंत्र पत्ता मागत बसतं, अभ्यासिकेचा डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते देणारी सेवा) ऑफिसात वाटला जातो आणि ऑफिसचा डीएचसीपी थेट फायबरच्या बाजूला. हे शेवटचं वाचून घाबरलो. आपल्या यंत्राने दुसऱ्याच्या जाळ्यात पत्ते वाटणं हा गंभीर प्रकार आहे.

त्याच लॉगमध्ये पुढे तीन ओळी: ईथ२ चं नाव ईथ० करता आलं नाही, फाइल एक्झिस्ट्स (म्हणजे ते नाव आधीच वापरात आहे). बाकीच्या दोन पोर्टांचंही तेच. म्हणजे कुणीतरी नावं दुरुस्त करू पाहतंय आणि हरतंय.

तो कुणीतरी सापडला: /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स. हे यंत्र डेबियन ८ च्या काळात उभं राहिलं. तेव्हा यूडेव्ह (कार्डं ओळखून त्यांना नावं देणारा प्रोग्राम) स्वतःच ही फाइल लिहायचा, कार्डाच्या मॅक पत्त्यावरून (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नाव बांधायचा. फाइलीत चार ओळी आहेत. एक जळालेल्या जुन्या बोर्डाच्या कार्डाची, तीन आत्ताच्या. प्रत्येकीवर टिपण: १०ईसी:८१६८ हे रियलटेक, ८०८६:१०सी९ हे इंटेल. ग्रबमध्ये (यंत्र बूट करणारा प्रोग्राम) 'नेट.आयएफनेम्स=०' सुद्धा आहे, म्हणजे नवी नावं मुद्दाम बंद ठेवलेली.

डेबियन १० च्या प्रकाशन टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ही जुनी पद्धत आता यूडेव्हला अधिकृतपणे मान्य नाही, काही ठिकाणी चालेल, काही ठिकाणी नाही. कारणही सोपं आहे. ईथ२ ला ईथ० करायचं तर ईथ० हे नाव मोकळं हवं, आणि ते तर कर्नलने इंटेलला देऊन टाकलंय. पूर्वीचा यूडेव्ह मधल्या काळात तात्पुरतं नाव देऊन अदलाबदल करायचा, आताचा करत नाही. आमचं यंत्र महिनोन्‌महिने रीबूट होत नसे म्हणून हे झाकलेलं राहिलं.

८ जून, शनिवार

गावी आलो. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच काम करायचं ठरवलं. नेटवर्कची नावं बदलायचं काम एसएसएचवरून (दुरून, नेटवर्कमार्फत) करू नये. नाव बदललं की आपलाच दोर कापला जातो.

दोन पर्याय होते. एक, इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी व्यवस्था) मॉड्यूल यादीत आर८१६९ वर लिहायचा, म्हणजे तो आधी लोड होईल. वेगवेगळ्या ड्रायव्हरची कार्डं असतील तर हे चालतं. पण उद्या दुसरं रियलटेक कार्ड बसवलं की पुन्हा तोच गोंधळ. हा सोडला. दुसरा, सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, यूडेव्ह त्याचाच भाग) नवी नावं घ्यायची, कार्ड जिथे बसलंय त्या जागेवरून ठरणारी. जानेवारी २०१३ च्या १९७ व्या आवृत्तीपासून ती आहेत आणि डेबियनने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत नव्या इन्स्टॉलसाठी तीच धरली. डेबियन १० ची दीर्घकालीन देखभाल ३० जूनला संपते आहे, अपग्रेड करायचंच आहे, म्हणून हे बरोबरच उरकायचं.

एक गोष्ट कामाची. नाव बदलण्याआधी नवं नाव काय येणार ते बघता येतं, यंत्राला काहीही धक्का न लावता:

यूडेव्हॲडम टेस्ट-बिल्टिन नेट_आयडी /सिस/क्लास/नेट/ईथ०

यात पाथवरून (यंत्रातल्या कार्डाच्या जागेवरून) येणारं नाव आणि मॅकवरून येणारं नाव दिसतं, बोर्ड किंवा स्लॉट स्वतःचा नंबर सांगत असेल तर तेही. आमच्याकडे रियलटेकला मॅकच्या नावाशिवाय फक्त पाथ मिळाला: ईएनपी२एस०. इंटेलला ईएनपी१एस०एफ० आणि ईएनपी१एस०एफ१. वहीत लिहून ठेवलं.

मग जुनी नावं कुठे कुठे लिहिली आहेत त्याचा शोध. संपूर्ण ईटीसीवर (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी आज्ञा) मारला. सगळा वेळ इथे गेला. इंटरफेसेसची फाइल आणि डीएनएसमास्क (डीएचसीपीचे पत्ते वाटणारा प्रोग्राम) अपेक्षितच होते. त्याशिवाय सिस्कंट्रोलची (कर्नलच्या सेटिंगची) एक ओळ, व्हीएनस्टॅट (किती डेटा गेला ते मोजणारा), म्युनिनच्या (आलेख काढणारा) प्लगइनच्या सिमलिंक (यांच्या तर फाइलनावातच ईथ० आहे, मजकुरात ग्रेप करून सापडत नाहीत, फाइंड लागतो), आणि रात्री अभ्यासिकेचा वेग वाढवणारी एक क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट.

सगळ्यात धोक्याची जागा एनएफटेबल्स, म्हणजे लिनक्सची फायरवॉल. आमच्या फायरवॉलमध्ये 'आयआयएफ "ईथ१"' असं लिहिलेलं. हा शब्द नियम लोड होतानाच त्या नावाचं कार्ड शोधतो आणि त्याचा अंक धरतो. कार्ड त्या क्षणी नसेल तर ती ओळ चुकते. आणि एनएफटी पूर्ण फाइल एकदम लावतो किंवा अजिबात लावत नाही. म्हणजे एका नावापायी सगळी फायरवॉल गायब, आणि यंत्र उघडं. त्यात एनएफटेबल्सची सेवा बूटमध्ये नेटवर्कच्या आधी चालते, तेव्हा नाव बरोबर असूनही कार्ड अजून जागेवर नसू शकतं. सगळीकडे 'आयआयएफनेम' आणि 'ओआयएफनेम' केलं. हे नुसतं अक्षरांशी जुळवतात, कार्ड असो वा नसो. बाकी काही करायला वेळ नसला तरी एवढं एक आजच करून टाका.

डीएनएसमास्कमध्ये 'बाइंड-इंटरफेसेस' होतं. कार्ड सापडलं नाही की तो उठतच नाही. 'बाइंड-डायनॅमिक' केलं, आता कार्ड उशिरा आलं तरी धरतो.

१५ आणि १६ जून

आधी नावं, मग अपग्रेड, हा क्रम ठेवला. जुनी रूल्स फाइल बाहेर काढली, ग्रबमधला शब्द काढला, अपडेट-ग्रब, अपडेट-इनिटरॅमएफएस, रीबूट. वहीतली तिन्ही नावं जशीच्या तशी आली.

मग १० वरून ११, ११ वरून १२. मधली पायरी गाळता येत नाही. १२ मध्ये फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग झाला आहे, तो सोर्सेसच्या यादीत घातला नाही तर रियलटेकचं फर्मवेअर जुन्यावरच अडकतं.

अपग्रेडने नावं हलली नाहीत. ज्यांची नावं ईएनएस अशी स्लॉटवरून आली असतील त्यांनी मात्र आधी तपासावं. सिस्टमडी २४७ मध्ये (तीच डेबियन ११ ची) पीसीआय (यंत्रात कार्डं जोडण्याची व्यवस्था) ब्रिजमागच्या कार्डांना स्लॉटचं नाव देणं थांबवलं, २५१ मध्ये काही बाबतीत पुन्हा सुरू केलं, डेबियन १२ मध्ये २५२ आहे. हे टाळायचं तर कर्नलच्या ओळीत 'नेट.नेमिंग-स्कीम=' लिहून जुनी पद्धत पकडून ठेवता येते.

यूपीएसची बॅटरी बदलली, ९५० रुपये. संध्याकाळी निघालो. काम झालं असं वाटत होतं.

७ जुलै, रविवार

नाही झालं.

वाचनालयाने जुन्या हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई (पीसीआयवर चालणारी वेगवान डिस्क) घ्यायला मान्यता दिली. २५६ जीबीची घेतली, १,९०० रुपये. बोर्डावरच्या एम.२ जागेत बसवली, डेटा क्लोन केला, बूट. अभ्यासिका चालू, ऑफिस चालू, फायबर बंद. लॉग म्हणतो ईएनपी२एस० नावाचं कार्डच नाही.

'आयपी लिंक' मध्ये बघितलं तर रियलटेक आता ईएनपी३एस०. एलएसपीसीआय (पीसीआयवर काय काय बसलंय त्याची यादी) काढलं आणि उलगडा झाला. नवी डिस्क पीसीआय बस क्रमांक २ वर बसली आणि तिच्यामागचं रियलटेक सरकून ३ वर गेलं. बसचे क्रमांक बूटच्या वेळी मोजत मोजत दिले जातात. मध्ये एक नवीन आला की मागचे सगळे पुढे सरकतात. पाथवरचं नाव म्हणजे वर्गात मुलाला बाकाच्या नंबरावरून हाक मारण्यासारखं आहे. बाक हलला की हाकेला दुसराच कुणी ओ देणार, नाहीतर कुणीच नाही.

आमच्या बाबतीत कुणीच दिलं नाही, हे नशीब. ते नाव दुसऱ्या एखाद्या कार्डाला गेलं असतं तर पुन्हा तो डीएचसीपीचा प्रकार.

एलएसपीसीआयशी नावं ताडून बघताना एक लक्षात ठेवा: एलएसपीसीआय बसचा क्रमांक हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत दाखवतो आणि इंटरफेसच्या नावात तो नेहमीच्या दशमान पद्धतीत असतो. ०ए:००.० वरचं कार्ड ईएनपी१०एस० असतं. बरीच कार्डं असलेल्या सर्व्हरवर यात हमखास फसायला होतं.

आजच्यापुरतं इंटरफेसेसच्या फाइलीत ३ करून नेट सुरू करून दिलं. पण हे औषध नव्हे. नाव कामावरून असलं पाहिजे आणि ते कार्डाच्या कायमच्या मॅकला बांधलेलं पाहिजे, मग कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये असो.

१३ जुलै, शनिवार

/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये लिंक फाइली (कोणत्या कार्डाला कोणतं नाव द्यायचं ते सांगणाऱ्या). फायबरसाठी १०-वॅन०.लिंक:

[मॅच]
पर्मनंटमॅकॲड्रेस=(रियलटेकचा मॅक)
टाइप=ईथर

[लिंक]
नेम=वॅन०

तशाच लॅन० (अभ्यासिका) आणि ऑफ० (ऑफिस) साठी. यातल्या प्रत्येक ओळीमागे काहीतरी घडलेलं आहे, म्हणून सविस्तर.

फाइलनावाच्या सुरुवातीचा १०: या फाइली अक्षरक्रमाने तपासल्या जातात आणि जुळलेली पहिलीच लागू होते. ९९-डीफॉल्टच्या (सिस्टमडीची मूळ लिंक फाइल) आधी येणं भाग आहे.

नाव ईथ० का नाही: पहिल्या दिवशीचंच कारण. कर्नल स्वतः वाटतो ती नावं मागितली की टक्कर ठरलेली. कर्नल कधीच देणार नाही असं नाव घ्यायचं.

पर्मनंटमॅकॲड्रेस का: आधी नुसतं मॅकॲड्रेस लिहून बघितलं. पाहुण्यांच्या वायफायसाठी लॅन० वर २० क्रमांकाचा व्हीलॅन (त्याच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आहे. व्हीलॅनला आईकडूनच, म्हणजे मूळ कार्डाकडूनच, मॅक मिळतो, त्यामुळे लॅन०.२० तयार झाल्याबरोबर तीच लिंक फाइल त्यालाही जुळली आणि यूडेव्ह त्याचंही नाव लॅन० करायला धावला. लॉगमध्ये पुन्हा तेच फाइल एक्झिस्ट्स. या वेळी काम अडलं नाही, पण ब्रिज किंवा बाँड (अनेक कार्डं एकत्र जोडणाऱ्या रचना) असता तर क्रमावर अवलंबून काहीही झालं असतं. कायमचा मॅक फक्त खऱ्या कार्डाला असतो. तो 'ईथटूल -पी' ने (कॅपिटल पी) दिसतो. टाइप=ईथर मुळे व्हीलॅन आणि ब्रिज आणखी एकदा गाळले जातात.

नावाची लांबी: पंधरा अक्षरं, त्याहून एकही जास्त नाही. व्हीलॅनचा टिंब आणि आकडाही त्यातच मोजला जातो, म्हणून मूळ नाव आखूड ठेवा.

१४ जुलै

काल लिंक फाइल उचलली जाते की नाही हे बघायला टेस्ट० नावाची एक फाइल ऑफिसच्या पोर्टावर केली होती. इनिटरॅमएफएस पुन्हा बांधला, नाव आलं, फाइल पुसली. मग तिथली ऑफ० ची फाइल मुद्दाम बाजूला ठेवून रीबूट केलं, पाथवरचं नाव परत येतं का ते बघायला. आलं नाही. टेस्ट० तसंच. ईटीसीमध्ये त्या नावाचा मागमूस नाही आणि कार्ड मात्र टेस्ट०.

सकाळभर यात गेली. उत्तर असं. बूट होताना खऱ्या डिस्कच्या आधी इनिटरॅमएफएस येतो आणि त्याच्या आतही यूडेव्ह असतो. इनिटरॅमएफएस बांधताना लिंक फाइलींच्या प्रती त्यात जातात. 'एलएसइनिटरॅमएफएस' ने आत डोकावलं तर पुसलेली फाइल तिथे जशीच्या तशी. तिने आधीच नाव बदललं, नंतर खऱ्या डिस्कवरच्या यूडेव्हला ९९-डीफॉल्टशिवाय काही जुळलं नाही, आणि तिच्या नेमपॉलिसीतला पहिलाच शब्द आहे 'कीप': आधी कुणी नाव दिलं असेल तर तेच ठेव.

म्हणून लिंक फाइल केली, बदलली वा पुसली, दर वेळी 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू'. फेडोरावर (दुसरा एक लिनक्स) 'ड्रॅकट -एफ'. हे मी आता कार्डांच्या तीन फाइलींच्या डोक्यावर टिपण म्हणून लिहून ठेवलंय.

नंतर खऱ्या चाचण्या. नुसतं रीबूट पुरत नाही, वीज तोडून थंड बूट करायचं, कारण रोग तिथूनच सुरू झाला होता. यूपीएसचं बटण बंद करून थोडं थांबून परत, असं लागोपाठ केलं. दर वेळी 'डीमेसेज' मध्ये (कर्नलचे संदेश) 'रीनेम्ड फ्रॉम' शोधलं. कधी वॅन० हे ईथ० पासून बनलेलं, कधी ईथ२ पासून. कर्नलचा क्रम अजून बदलतोच आहे, पण आता त्याने काही बिघडत नाही. शेवटी एनव्हीएमई काढूनही बूट केलं, जुन्या हार्ड डिस्कवरून, तिच्यावर याच लिंक फाइली आणि सेटिंग घालून. बस पुन्हा २ वर आली आणि नाव वॅन० च राहिलं. हे बघून बरं वाटलं.

इंटरफेसेस, डीएनएसमास्क, फायरवॉल, म्युनिन, स्क्रिप्ट, सगळीकडे नवी नावं. फायरवॉल वाचायलाही सोपी झाली, वॅन० वरून आलेलं अडव हे कुणालाही कळतं.

२१ जुलै

कार्ड जळून नवं बसवलं तर काय करायचं, याचा कागद ताईंसाठी लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: तीन पोर्टांची जागा, प्रत्येकाचं नाव, मॅक, आणि कोणत्या फाइलीतली कोणती ओळ बदलायची. पोर्टांवर स्टिकर लावले. मॅकला बांधण्याची किंमत एवढीच की कार्ड बदललं तर ती एक ओळ बदलावी लागते. स्लॉट हलणं आणि वीज जाणं रोजचं, कार्ड जळणं क्वचितचं, म्हणून हा सौदा मला मान्य आहे.

११ ऑगस्ट

फायबर तुटला तर मोबाइलवरून नेट द्यावं अशी ताईंची मागणी. फोन यूएसबीने जोडला. इथे मॅकची पद्धत चालत नाही, फोन दर वेळी नवा मॅक देतो. डेबियन यूएसबी कार्डांना ईएनएक्स आणि पुढे मॅक असं नाव देतो, पण फक्त कारखान्यातून आलेल्या मॅकला. असा बनवलेला मॅक असेल तर पाथवरचं नाव येतं, आणि ते कुठल्या यूएसबी भोकात केबल घातली त्यावर बदलतं.

इथे मॅच मध्ये मॅकऐवजी ड्रायव्हर लिहिला: ड्रायव्हर=आरएनडीआयएस_होस्ट, नेम=मोबाइल०. इंटरफेसेसमध्ये 'ऑटो' ऐवजी 'अलाऊ-हॉटप्लग', म्हणजे फोन नसताना बूट अडत नाही. ताईंच्या फोनवर चालतं. ग्रंथालय सेवकांच्या फोनने दुसराच ड्रायव्हर सांगितला (सीडीसी_एनसीएम), म्हणून तोही त्याच ओळीत जागा सोडून लिहिला, दोन्ही जुळतात. एका वेळी एकच फोन लावायचा, दोन लावले तर दोघंही मोबाइल० मागतील.

फायबर तुटल्यावर आपोआप मोबाइलवर वळणं अजून बाकी आहे. सध्या ताई हाताने एक स्क्रिप्ट चालवतात.